राजवंश आणि मानववंश

इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा येथील राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयात एक प्रचंड कोरीव सिंहासन ठेवलेले आहे. त्या देशाचे अखेरचे सम्राट हैले सेलासी यांचे ते सिंहासन. त्याच इमारतीच्या तळघरात, काचेच्या पेटीत, जेमतेम साडेतीन फूट उंचीच्या एका मादीच्या सांगाड्याची प्रतिकृती मांडलेली आहे. मूळ अस्थी अमूल्य म्हणून बंद कोठीत जपून ठेवल्या जातात. वरच्या सिंहासनाचा धनी आपला वंश तीन हजार वर्षांचा असल्याचे सांगत असे. खालच्या सांगाड्याचे वय सुमारे बत्तीस लाख वर्षे आहे. सम्राट पदच्युत झाले ते १२ सप्टेंबर १९७४ रोजी, आणि हा सांगाडा सापडला त्याच वर्षीच्या २४ नोव्हेंबरला. दोन घटनांत अंतर अवघ्या त्र्याहत्तर दिवसांचे. इतकेच नव्हे, तर ज्या वोलो प्रांतातील दुष्काळाने सम्राटांचे आसन डळमळले, त्याच प्रांताच्या पूर्वेकडील ओसाड भागात त्या अस्थी मिळाल्या.

राजाची संपत्ती खरोखर कोणाची, हा राज्यशास्त्राचा प्रश्न. आणि माणूस कोठून आला, हा निसर्गविज्ञानाचा. या दोहोंचा सांधा सहसा कोणी जुळवू जाणार नाही. परंतु राजाच्या संपत्तीवरील हक्काच्या मुळाशी शेवटी एकच विधान असते: ‘आमचा वंश इतरांहून निराळा आहे.’ आणि माणसाच्या उत्पत्तीचा शोध नेमका याच विधानाची तपासणी करीत असतो. म्हणून इथिओपियाची ही कथा विचार करण्याजोगी आहे.

इथिओपियाच्या राजवंशाची कुळकथा ‘केब्रा नगस्त’ या चौदाव्या शतकातील गीझ भाषेतल्या ग्रंथात ग्रथित झालेली आहे. शेबाची राणी जेरुसलेमला सॉलोमन राजाच्या भेटीस गेली. त्यांच्यापासून तिला मेनेलिक नावाचा पुत्र झाला. आणि तोच इथिओपियाच्या सम्राटांचा मूळपुरुष, अशी ही कथा. इतिहासाच्या दृष्टीने पाहता, येकुनो अम्लाक याने १२७० साली सत्ता हस्तगत केली आणि आपण याच प्राचीन घराण्याचे वारस आहोत असे जाहीर केले, तेव्हापासून या राजवंशाचा निश्चित मागोवा लागतो. परंतु परंपरेच्या गणनेने हैले सेलासी हे मेनेलिकापासूनचे २२५ वे सम्राट. ही केवळ भाटांची स्तुती नव्हती. १९५५ साली सुधारून घेतलेल्या राज्यघटनेतच सम्राटांचा वंश शेबाची राणी आणि सॉलोमन यांच्यापासून अखंड चालत आला असल्याचे कलम होते. त्यांचे शरीर पवित्र आणि त्यांची सत्ता निर्विवाद असल्याचेही त्याच घटनेत नमूद होते. दंतकथा कायद्याच्या पुस्तकात गेली, म्हणजे तिला शिपाई, तुरुंग आणि तिजोरी लाभते.

आपल्याकडेही हा प्रकार अपरिचित नाही. सूर्यवंश आणि चंद्रवंश यांच्यापर्यंत नेऊन भिडवलेल्या वंशावळी किती संस्थानांच्या दफ्तरांत जपलेल्या होत्या! जपानचे सम्राट तर अमातेरासू या सूर्यदेवतेचे वंशज मानले जात. वंश जितका जुना आणि मानवी मर्यादेपलीकडचा, तितका हक्क अभेद्य, असा हा न्याय.

हैले सेलासी यांना केवळ चैनी राजा ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. त्यांचे मूळ नाव तफारी मकोनेन. त्यांचा जन्म १८९२ सालचा. १९१६ पासून राज्याचे कारभारी आणि १९३० पासून सम्राट, अशी दीर्घ कारकीर्द त्यांना लाभली. १९३५ साली मुसोलिनीच्या फौजा इथिओपियात घुसल्या. राजधानी पडली आणि ३० जून १९३६ रोजी हा पराभूत राजा जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे उभा राहिला. विषारी वायूने आपल्या प्रजेची कशी होरपळ झाली ते त्यांनी सांगितले. आज आमच्यावर आलेली पाळी उद्या इतर लहान राष्ट्रांवर येईल, हा इशाराही दिला. सभागृहातील इटालियन वार्ताहरांनी शिट्ट्या वाजवून त्यांची हेटाळणी केली. पुढे तीनच वर्षांत त्या इशाऱ्याचा अर्थ साऱ्या जगाला कळला. इंग्लंडमधील बाथ या गावी वनवासाची वर्षे त्यांनी काढली, ती पैशाच्या मोठ्या ओढाताणीत. १९४१ साली त्यांचे राज्य त्यांना परत मिळाले, त्यात हिंदी सैनिकांचाही वाटा होता. एरिट्रियातील केरेनच्या डोंगरी लढाईत चौथी आणि पाचवी हिंदी डिव्हिजन झुंजली; मराठा लाइट इन्फंट्रीच्या रणसन्मानांत केरेनचे नाव आजही आहे.

परत आल्यावर सम्राटांनी शाळा उघडल्या. त्या शाळांतून शिकवण्यासाठी भारतातून कितीतरी शिक्षक गेले. १९६१ साली आपला एक राजवाडा त्यांनी विद्यापीठाला देऊन टाकला. १९६३ साली आफ्रिकी ऐक्य संघटनेची स्थापना त्यांच्याच राजधानीत झाली. जगाच्या दृष्टीने ते स्वतंत्र आफ्रिकेचे वडीलधारे पुरुष होते.

परंतु राज्याच्या आत पाहिले तर चित्र वेगळे दिसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुसऱ्या मेनेलिकने दक्षिणेकडील मुलूख जिंकला, तेव्हा तेथील जमीन सरदार, सैनिक, धर्मपीठ आणि राजघराणे यांच्यात वाटली गेली. जे पूर्वी जमिनीचे धनी होते ते कुळे झाले. पिकाचा तिसरा, कोठे निम्मा हिस्सा जमीनदाराकडे जाई. राजधानीतील सेंट जॉर्ज नावाचा बिअरचा कारखाना राजघराण्याच्या हातात. शहरात धावणारी ‘अनबेसा’, म्हणजे सिंह, या नावाची बस कंपनीही त्यांचीच. राज्याचा खजिना कोठे संपतो आणि राजाचा बटवा कोठे सुरू होतो, हे सांगणारी रेषा तेथे कधी नीट आखलीच गेली नव्हती.

या रेषेलाच आधुनिक राजसंस्थेच्या इतिहासात महत्त्व आहे. इंग्लंडमध्ये १७६० साली तिसऱ्या जॉर्जने राजमुकुटाच्या जमिनींचे उत्पन्न पार्लमेंटच्या स्वाधीन केले आणि त्याबदली ठराविक नेमणूक पत्करली. २०१२ पासून तेथे राजाला त्या जमिनींच्या नफ्याच्या प्रमाणात अनुदान मिळते. लँकेस्टरच्या जहागिरीचे उत्पन्न मात्र अजून निराळेच त्याच्याकडे जाते. जपानमध्ये सम्राटांनी १ जानेवारी १९४६ च्या घोषणेत आपल्या दैवीपणाची कल्पना नाकारली, आणि १९४७ च्या राज्यघटनेने राजघराण्याची सारी मालमत्ता राष्ट्राची ठरवली. दैवी वंश आणि खासगी दौलत ही दोन्ही एकापाठोपाठ गेली, हा योगायोग नव्हे. भारतात संस्थानिकांचे तनखे आणि मानमरातब १९७१ साली सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संपुष्टात आले. उलट थायलंडमध्ये कायद्याने राजमुकुटाची मालमत्ता प्रत्यक्ष राजाच्या नावावर करण्यात आली. तेथे रेषा पुसट झाली. ब्रुनेईच्या सुलतानांच्या प्रासादात १,७८८ खोल्या आहेत. तेथे राज्याचे तेल आणि राजाचे ऐश्वर्य यांना वेगळे करू पाहणे व्यर्थच.

महाराष्ट्रातील वाचकाला या संदर्भात होळकरांची ‘खासगी’ आठवेल. १७३४ साली पहिल्या बाजीरावाने मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे काही गावांचे उत्पन्न वेगळे लावून दिले. तेव्हापासून ‘दौलत’ म्हणजे राज्याचा पैसा आणि ‘खासगी’ म्हणजे घराचा, असा भेद त्या घराण्यात रूढ झाला. अहिल्याबाईंनी देशभर जी मंदिरे आणि घाट बांधले, ते या खासगीतून. दानधर्मसुद्धा कोणत्या थैलीतून करावा याचा विवेक ज्या राजसत्तेला असतो, तिच्यावर प्रजा सहसा चिडून उठत नाही.

आता दुसऱ्या वंशाकडे वळावे. लाल समुद्राच्या तोंडाशी अफार नावाचा त्रिकोणी खोलगट प्रदेश आहे. पृथ्वीचे कवच तेथे ताणले जाऊन दुभंगत आहे. आफ्रिकेची प्रसिद्ध महाखचदरी येथूनच दक्षिणेकडे जाते. कोट्यवधी वर्षे त्या खचलेल्या भूमीत नद्या-सरोवरांनी गाळ भरला; मधूनमधून ज्वालामुखींनी राखेचे थर पसरले. गाळात प्राण्यांच्या अस्थी दडल्या. राखेच्या थरातील स्फटिकांत पोटॅशियमचे ठराविक गतीने आर्गॉन वायूत रूपांतर होत असते. तो आर्गॉन मोजला की थराचे वय कळते. अस्थी ज्या दोन थरांमध्ये सापडली त्यांची वये कळली, म्हणजे तिचेही वय हाती येते. येथे भाटाची गरज नाही. कुळकथा खुद्द जमीनच सांगते.

या शोधाला हैले सेलासी यांचा स्वतःचा हातभार लागला होता, हे येथे सांगितलेच पाहिजे. सम्राट केन्याला गेले असता तेथे त्यांची गाठ मानवाच्या पूर्वजांचे संशोधक लुई लीकी यांच्याशी पडली. केन्या आणि टांझानियात असे अवशेष सापडतात, मग माझ्या देशात का नाहीत, असे सम्राटांनी विचारले. शोधण्याची परवानगी मिळाली तर तेथेही सापडतील, असे लीकींनी उत्तर दिले, असे सांगतात. १९६७ साली ओमो नदीच्या खोऱ्यात फ्रेंच, अमेरिकन आणि केन्यातील पथकांची संयुक्त मोहीम गेली. त्याच वर्षी किबिश येथे आपल्याच जातीच्या, म्हणजे पूर्ण विकसित मानवाच्या, कवट्या मिळाल्या. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्या किमान सुमारे दोन लाख तीस हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. सॉलोमनच्या वंशजाने परवानगी दिली, आणि सॉलोमनच्या कितीतरी पट प्राचीन पूर्वज उजेडात आले.

ओमोनंतर अफार. मोरिस तायेब या भूगर्भशास्त्रज्ञाने अवाश नदीकाठचा हदार हा परिसर हेरला. १९७३ च्या हेमंतात तायेब, ईव्ह कोपांस आणि अमेरिकेचे तरुण संशोधक डोनाल्ड जोहान्सन यांची मोहीम तेथे तळ ठोकून बसली. जोहान्सन यांना एका गुडघ्याच्या सांध्याची हाडे मिळाली. तीस लाखांहून अधिक वर्षांपूर्वीचा तो गुडघा ताठ चालणाऱ्या प्राण्याचा होता.

मात्र त्याच वर्षी, त्याच प्रांतात, जिवंत माणसे पायांवर उभी राहू शकत नव्हती. वोलो आणि टिग्रे या प्रांतांत अवर्षणाने पिके बुडाली होती. अफार पशुपालकांची स्थिती अधिकच बिकट झाली. कारण कोरड्या ऋतूत जनावरे जेथे चरत असत, ती अवाशकाठची ओलिताची जमीन १९६० नंतरच्या वर्षांत कापसाच्या मोठ्या मळ्यांना देण्यात आली होती. एका ब्रिटिश कंपनीचा मळाही त्यांत होता. कापूस परदेशी चलन मिळवून देई; जनावरांना गवत मात्र उरले नाही. जनावरे मेली आणि त्यांच्यामागून माणसे. बातमी बाहेर जाऊ नये, राज्याची अब्रू जाईल, अशी अधिकाऱ्यांची धारणा होती. मृतांचा आकडा चाळीस हजारांपासून दोन लाखांपर्यंत निरनिराळा सांगितला जातो. या संख्येत इतके अंतर असावे, यातच त्या मृतांची दाद कोणी घेतली नाही हे दिसते.

ऑक्टोबर १९७३ मध्ये जोनाथन डिम्बल्बी या ब्रिटिश वार्ताहराचा चित्रपट इंग्लंडच्या दूरचित्रवाणीवर दाखवला गेला, तेव्हा जगाला हा दुष्काळ कळला. नोव्हेंबरमध्ये सम्राट स्वतः वोलोला जाऊन आले. पण तोवर फार उशीर झाला होता. पुढल्या वर्षी सैनिकांची बंडे, शिक्षकांचे संप आणि विद्यार्थ्यांचे मोर्चे एकापाठोपाठ उठले. ‘देर्ग’ नावाच्या लष्करी समितीने एकेक करून सम्राटांचे मंत्री कैद केले. बिअरचा कारखाना आणि बस कंपनी सरकारजमा केली. ११ सप्टेंबर १९७४ च्या रात्री त्या समितीने तोच दुष्काळाचा चित्रपट इथिओपियाच्या दूरचित्रवाणीवर दाखवला. मात्र मधूनमधून राजवाड्यातील मेजवान्यांची दृश्ये जोडून. भुकेल्या बालकानंतर राजाचे भोजन, अशी ती मांडणी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्याऐंशी वर्षांच्या सम्राटांना राजवाड्याबाहेर आणून एका लहानशा फोक्सवॅगन मोटारीत बसवण्यात आले.

परदेशांतील बँकांत सम्राटांनी अफाट द्रव्य दडवून ठेवले असल्याचा आरोप देर्गने केला आणि ते देशाच्या नावे करून देण्याची मागणी लावून धरली. त्या अब्जावधींचा विश्वासार्ह ठावठिकाणा कधी लागला नाही. खरी दौलत परदेशी तिजोरीत नव्हतीच, असेही म्हणता येईल. ती जमिनीच्या खंडात आणि कुळांच्या श्रमात होती.

२३ नोव्हेंबर १९७४, शनिवार. त्या रात्री राजधानीतील तुरुंगात जुन्या राजवटीच्या सुमारे साठ माणसांना चौकशीवाचून गोळ्या घालण्यात आल्या. त्यांत दोन माजी पंतप्रधान होते. दुसऱ्या दिवशी, रविवारी, हदारच्या एका घळीतून परतताना जोहान्सन आणि त्यांचा विद्यार्थी टॉम ग्रे यांच्या नजरेस कोपराजवळच्या हाडाचा एक तुकडा पडला. जवळच कवटीचा तुकडा, मग मांडीचे हाड, मणके, कंबरेचे हाड. पुढील आठवड्यांत शेकडो तुकडे गोळा झाले. ती सारी हाडे एकाच मादीची, आणि मिळून संपूर्ण सांगाड्याचा सुमारे चाळीस टक्के भाग. त्या रात्री तळावर बीटल्स या गायकवृंदाचे एक गाणे वाजत होते. त्यातील नावावरून तिला ‘ल्यूसी’ म्हटले गेले. योगायोग असा की त्या गाण्याच्या शीर्षकात हिऱ्यांचाही उल्लेख आहे. पण जिला ते नाव मिळाले तिच्या अंगावर हाडांवाचून काही नव्हते. अम्हारिक भाषेत तिला ‘दिंकिनेश’ म्हणतात; त्याचा अर्थ ‘तू अद्भुत आहेस’.

१९७८ साली शास्त्रज्ञांनी तिच्या जातीला अफारच्या भूमीवरून नाव दिले. तिचा मेंदू वानराएवढा लहान. परंतु कंबरेचे हाड आणि गुडघा सांगतो की ती दोन पायांवर ताठ चालत असे. मोठी बुद्धी आधी आली आणि मग माणूस उभा राहिला, हा अनेकांचा समज तिने पुसून टाकला. आधी पाऊल, मग बुद्धी, असा क्रम ठरला.

येथे एक सावधगिरी हवी. ल्यूसी ही आपली प्रत्यक्ष आजी होती, असे कोणी निश्चित सांगू शकत नाही. ती आपल्या पूर्वजांच्या फार जवळच्या जातीतली होती, एवढेच म्हणावे. तसेच ‘मानवाचे जन्मस्थान’ हा मान एकाच देशाला देऊन टाकण्याची घाईही उचित नाही. दक्षिण आफ्रिकेत १९२४ साली तौंगच्या बालकाची कवटी मिळाली. २००१ साली चाड देशात सुमारे सत्तर लाख वर्षांपूर्वीची कवटी सापडली. आणि आपल्या जातीचे सर्वांत जुने ज्ञात अवशेष, तीन लाख वर्षांपूर्वीचे, मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथील असल्याचे २०१७ साली सिद्ध झाले. आमचीच भूमी पहिली, हा राष्ट्रांचा अभिमान म्हणजे राजवंशाच्या अहंकाराचेच नवे रूप होय. आफ्रिका खंडाच्या विस्तीर्ण भागात, परस्परांत मिसळणाऱ्या अनेक समूहांतून माणूस घडला, असेच आज अधिकाधिक दिसत आहे.

मग अखंड राजवंशाचे काय? साध्या अंकगणिताने त्याचा विचार करावा. प्रत्येकाला आईबाप दोन, आजीआजोबा चार, पणजीपणजोबा आठ. वीस पिढ्या मागे गेल्यास ही संख्या दहा लाखांवर जाते; तीस पिढ्या मागे गेल्यास १०७ कोटींवर. पिढी पंचवीस वर्षांची धरली तर तीस पिढ्या म्हणजे साडेसातशे वर्षे, म्हणजे येकुनो अम्लाकने सत्ता घेतली तो काळ. त्या वेळी साऱ्या पृथ्वीवर मिळूनही सुमारे चाळीस कोटीच माणसे होती. अर्थात तेच तेच पूर्वज वंशवृक्षात पुनःपुन्हा येतात. शाखा एकमेकींत गुंततात. ज्या पुरुषाची संतती तीन हजार वर्षे टिकून राहिली असेल, तो आज एका घराण्याचा नव्हे, तर अगणित लोकांचा पूर्वज ठरतो. सॉलोमनचा वंश खरोखरच टिकला असेल, तर तो सिंहासनावर जितका होता तितकाच वोलोच्या दुष्काळात मेलेल्या कुळाच्या देहातही असण्याचा संभव आहे. वंशावळ खोटी असते असे नव्हे. ती अपुरी असते. शंभर दारांपैकी एकच दार उघडे ठेवून बाकीची ती बंद करते.

रक्ताची साक्षही हीच आहे. कोणत्याही दोन माणसांच्या जनुकीय लिपीत हजारांतून सुमारे एका अक्षराचाच फरक पडतो. आफ्रिकेबाहेरील सर्व मानवजाती मुख्यतः सुमारे साठ-सत्तर हजार वर्षांपूर्वी तेथून निघालेल्या लहान समूहांची संतती आहे. हबसाणातून आलेला माणूस आणि त्याला ‘हबशी’ म्हणणारा माणूस यांच्यात अंतर असेल तर ते केवळ प्रवासाच्या काळाचे. महाराष्ट्राला याचे उदाहरण दूर शोधावयास नको. सोळाव्या शतकात इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला एक मुलगा अहमदनगरच्या निजामशाहीत आला, आणि पुढे मलिक अंबर या नावाने त्या राज्याचा सर्वाधिकारी झाला. त्याने जमिनीच्या महसुलाची घडी बसवली, खडकी शहर वसवले, आणि १६२६ साली मरेपर्यंत मोगलांच्या फौजांना दाद दिली नाही. त्याच्यामागे मेनेलिक नव्हता, सॉलोमन नव्हता. होती ती केवळ कर्तबगारी.

माणसाच्या एकंदर आयुष्यात राजपद हे किती अलीकडचे आहे, तेही पाहण्याजोगे आहे. आपल्या जातीची तीन लाख वर्षे एका दिवसाच्या चोवीस तासांत बसवली, तर राजे आणि त्यांचे कोष अस्तित्वात आले ते शेवटच्या चोवीस मिनिटांत. त्यापूर्वी सर्वत्र समता नांदत होती, असे समजणे मात्र भाबडेपणाचे होईल. रशियातील सुंगीर येथे तीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या थडग्यांत दोन बालके सापडली आहेत, आणि त्यांच्या अंगावर मॅमथच्या दातांचे हजारो मणी आहेत. तेवढे मणी घासण्यास कित्येक माणसांचे कित्येक महिन्यांचे श्रम लागले असतील. त्या बालकांनी असे काय केले होते? काहीच नाही, ती कोणाची तरी मुले होती, एवढेच. वंशावरून मान देण्याची खोड जुनी आहे. तिला तिजोरी आणि फौज मिळाली ती मागाहून.

तसेच राजा गेला म्हणजे भूक जाते, असेही नाही. देर्गने मार्च १९७५ मध्ये शेतजमीन राष्ट्राच्या मालकीची केली आणि राजसत्ता कायमची रद्द केली. परंतु सप्टेंबर १९८४ मध्ये त्याच राजवटीने क्रांतीचा दहावा वाढदिवस डामडौलाने साजरा केला, तेव्हा वोलो आणि टिग्रे पुन्हा एकदा भयंकर दुष्काळात होरपळत होते. या खेपेस लक्षावधी माणसे मेली. मुकुट उतरला होता. ऐश्वर्य आणि उपासमार यांच्यामधली भिंत मात्र जागच्या जागी होती. दोष केवळ वंशाचा नसतो. ज्याला जाब विचारता येत नाही अशा सत्तेचा तो असतो. वंश हे त्या सत्तेचे एक जुने आणि सोयीचे समर्थन, इतकेच.

हैले सेलासी २७ ऑगस्ट १९७५ रोजी नजरकैदेत मरण पावले. आजारपणाने मृत्यू, असे सरकारने सांगितले. पुढे देर्गच्या पतनानंतर चाललेल्या खटल्यात त्यांचा गळा दाबून खून झाल्याचा आरोप ठेवण्यात आला. त्यांच्या अस्थी राजवाड्याच्या आवारात जमिनीखाली सापडल्या त्या १९९२ साली, आणि ५ नोव्हेंबर २००० रोजी त्यांना विधिपूर्वक समाधी मिळाली. ज्या देशाच्या मातीने बत्तीस लाख वर्षांपूर्वीच्या एका अनाम मादीची हाडे जपून ठेवली, त्या देशात सम्राटांची हाडे कोठे आहेत हे सतरा वर्षे प्रजेला ठाऊक नव्हते.

आज अफारच्या त्या मातीत शोध घेणाऱ्यांत इथिओपियाचे स्वतःचे शास्त्रज्ञ अग्रभागी आहेत. २००० साली झेरेसेनाय अलेमसेगेद यांच्या पथकाला हदारजवळच दिकिका येथे सुमारे तीन वर्षांच्या एका बालिकेचा सांगाडा मिळाला. तो ल्यूसीहूनही एक लाख वर्षांनी जुना आहे. २०१६ साली दुसऱ्या एका पथकाला वोरान्सो-मिल्ले येथे अडतीस लाख वर्षांपूर्वीची जवळजवळ अखंड कवटी सापडली; तिचा पहिला तुकडा प्रथम दिसला तो एका स्थानिक अफार गुराख्याला. त्या पथकाचे प्रमुख आहेत योहान्नेस हैले-सेलासी. इथिओपियात आडनावाची चाल नाही. मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव लागते. तेव्हा हे नाव कोणा राजवंशाचे नव्हे, ते त्यांच्या वडिलांचे आहे. ज्या नावाने एकेकाळी घटनेतून तीन हजार वर्षांच्या वंशाचा हक्क सांगितला, तेच नाव धारण करणारा एक अभ्यासक आता गुडघे टेकून, हातात कुंचला घेऊन, साऱ्यांच्या समाईक वंशाची पाने एकेक करून साफ करीत आहे. आणि वाट दाखवीत आहे तो, ज्याच्या वाडवडिलांची गुरे त्या दुष्काळात तडफडून मेली, असा एक गुराखी.